वजन उतरवावं कसं, आणि उतरलेलं तिथंच ठेवावं कसं

मी आतापर्यंत पाच वेळा वजन उतरवलंय. चार वेळा ते व्याजासकट परत आलं. पाचव्या खेपेला 84 वरून 66 वर आले, त्याला येत्या दिवाळीत सहा वर्षं होतील. त्यामुळे 'महिन्यात दहा किलो' छापाचे सल्ले दिसले की माझं डोकं फिरतं. महिन्यात सात किलो मीही उतरवले होते, एकदा नाही, दोनदा. पुढच्या पाडव्याला ते सगळे घरी हजर.

डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवणं की आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं अनेकदा खाणं, हा वाद आमच्याही घरात रंगून झाला. दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवण आटपायची दीक्षितांची पद्धत नवऱ्याला मानवली. मला नाही मानवली, कारण माझं पहिलं जेवण लोकलच्या वेळापत्रकावर आणि दुसरं मुलांच्या क्लासवर अवलंबून. पद्धत कुठली धरायची ते तुमच्या घरच्या घड्याळावर ठरवा, त्यावर मी भांडणार नाही. कुठलंही डाएट एक ना एक दिवस मोडतं, आणि मोडल्यानंतरच्या चोवीस तासांत तुम्ही काय करता त्यावर सगळा खेळ असतो. ते सविस्तर सांगते. बाकीचं भराभर.

त्याआधी एकच अट. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, थायरॉइड, मूत्रपिंडाचा त्रास असेल, दिवस गेलेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर जेवणात काहीही बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

1. आकडा ठरवा, पण जवळचा

आपल्याकडच्या लोकांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 23 च्या पुढे गेला की वजन जास्त धरतात, आणि 25 पासून लठ्ठपणा. कंबर बाईची 80 सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची 90 च्या आत हवी. हे कळलं की लगेच लग्नातल्या वजनाचं स्वप्न पाहू नका. आहे त्या वजनातले पाच टक्के, एवढंच पहिलं ठिकाण. 84 असेल तर 80. तिथं पोचलात की पुढचं बघू.

2. आठवडाभर लिहा

काही न बदलता. चहाबरोबरची दोन बिस्किटं, डबा भरताना तोंडात टाकलेलं, मुलाच्या ताटात उरलं म्हणून खाल्लेलं, सगळं.

3. तेलाचा डबा मोजा

आमचं चौघांचं घर. पाच लिटरचा डबा महिन्याला संपायचा आणि मी मैत्रिणींना सांगायचे, 'आमच्याकडे तेल बेताचंच.' एकदा हिशेब केला. माणशी दिवसाला चाळीस मिलीहून जास्त, म्हणजे नुसत्या तेलातून साडेतीनशेच्या आसपास कॅलरी. आता डब्यावर उघडल्याची तारीख लिहिते आणि फोडणीला पळी वापरत नाही, पोह्यांचा चमचा वापरते. डबा सात आठवडे पुरतो. भाजीच्या चवीत फरक पडला, असं घरात अजून कुणी म्हटलेलं नाही.

4. ताट तेच, वाटण्या वेगळ्या

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनात अर्धं ताट भाज्या-फळांचं सांगितलंय. आपल्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायला घेतलेली दोन बोटं, ती उलटी करा. भाजी-कोशिंबीर अर्धं ताट, एक वाटी उसळ किंवा घट्ट वरण (नाहीतर अंडी, मासे, दही), आणि उरलेल्या जागेत पोळी-भाकरी किंवा भात. दोन्ही हवं असेल तर दोन्ही अर्धं.

स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. हे मी ओरडून सांगेन. कुकरला घरच्यांचा वरणभात आणि बाजूच्या गॅसवर आपल्यापुरतं उकडलेलं काहीतरी, हे तीन आठवड्यांच्या वर चालत नाही. घरात पाहुणे आले, कामवाली आली नाही, अंग कसकसलं, की पहिलं बंद पडतं ते तुमचं पातेलं. मेथी, गवार, दुधी, मुगाची उसळ आणि ज्वारीची भाकरी एवढ्यावर माझे अठरा किलो उतरलेत. किनवा मी अजून पाहिलेला नाही.

5. संध्याकाळी सहाच्या आत काहीतरी खा

ऑफिस सुटताना मूठभर भाजलेले चणे, एक उकडलेलं अंडं किंवा डब्यातली वाटीभर मटकी. पोटात कावळे ओरडत असताना स्टेशनबाहेरच्या वड्याच्या कढईसमोरून कुणीही शहाण्यासारखं जात नाही.

6. मोडलं. आता?

इथंच मी चार वेळा बुडाले.

तो गुरुवार मला अजून आठवतो. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस, चार वाजता केक. तुकडा केवढा, तर कागदी बशीत मावेल एवढा. खाल्ला आणि मनात आलं, गेला आजचा दिवस. मग जो दिवस गेलाच आहे त्यात एक वडापाव बसवला. घरी मुलं पावभाजी मागवू म्हणाली, तर एरवी नको म्हणणारी मीच फोन घेऊन बसले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठराव झाला: सोमवारपासून कडक. म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार मोकळे. रविवारी तर बासुंदी झाली, का तर उद्यापासून सगळं बंद.

आता हिशेब बघा. केक आणि वडापाव मिळून सहाशेच्या आसपास कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. त्या दोन गोष्टींची चरबी धरली तर ऐंशी ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण पुढचे तीन दिवस रोज हजार-बाराशे जादा गेल्या, त्यात ती पावभाजी, की झाला अर्धा किलो. केकने माझं काही बिघडवलं नव्हतं. सोमवारने बिघडवलं.

ही खोड माझ्या एकटीची नाही. 1975 साली हरमन आणि मॅक या संशोधकांनी अमेरिकेत कॉलेजातल्या मुलींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक पाजला, काहींना नाही, आणि मग चव सांगायच्या निमित्ताने सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं. ज्या एरवी जेवणाच्या बाबतीत बिनधास्त होत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. स्वाभाविक आहे, पोट भरलेलं. ज्या सतत तोंडाला कुलूप लावून असायच्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्लं. कुलूप एकदा तुटलं की दार सताड उघडं.

म्हणून मोडल्यावर करायचं ते असं.

पुढचं जेवण नेहमीचं आणि नेहमीच्या वेळी. चार वाजता केक खाल्ला तर रात्री आठला भाकरी, मेथी, आमटी, ताक. कमी नाही, जास्त नाही. भूक थोडी कमी असेल तर भाकरी अर्धी, पण पानावर बसायचं. सोमवार, एक तारीख, संकष्टी, नवं वर्ष यांपैकी कशाचीही वाट बघायची नाही.

प्रायश्चित्त घेऊ नका. लंघन नाही, नुसत्या फळांवर दिवस नाही, 'डिटॉक्स' म्हणून काकडीचं पाणी नाही, दुप्पट चालणंही नाही. एका बारशाच्या दुसऱ्या दिवशी मी फक्त ताक आणि काकडीवर राहिले होते. दुपारपर्यंत स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. संध्याकाळी साडेपाचला ओट्यापाशी उभी राहून चिवड्याचा डबा अर्धा केला, तोही झाकण हातात धरून, म्हणजे 'एकच घास' चालला होता. 1944-45 साली मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. दिवसरात्र त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही नसायचं, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, आणि बंदी उठल्यावर कितीही खाल्लं तरी काहींचं समाधान होईना. धडधाकट पुरुषांची ही गत, तिथं तुम्ही एका दिवसाच्या उपाशीपणावर स्वतःचा राग काढायला निघालात तर रात्री काय होणार ते मी आत्ताच सांगते. आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही.

तीन दिवस काट्यावर चढू नका. मेजवानीनंतर सकाळी दीड किलो वाढलेलं दिसेल आणि तुम्ही हातपाय गाळाल. ते बहुतेक पाणी असतं. शरीर पिठूळ आणि गोड खाण्यातून ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठवतं, त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरतं, आणि पापड-लोणच्याचं मीठ आणखी पाणी अडवतं. हेच गणित उलटंही चालतं. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले म्हणून शेजारणीला सांगायला धावू नका, त्यातही पाणीच जास्त.

उरलेलं घरातून घालवा. उरलेला केक, पेढ्यांचा बॉक्स, काचेच्या बरणीतली चकली. माझे पेढे दुसऱ्या दिवशी सकाळी खाली वॉचमनकाकांकडे जातात. ठेवायचंच असेल तर स्टीलच्या डब्यात, वरच्या फळीवर, स्टूल घ्यावं लागेल असं. हसू नका, त्या स्टुलाने माझे बरेच लाडू वाचवलेत.

आणि एक ओळ लिहा: किती वाजता मोडलं, त्याआधी शेवटचं कधी खाल्लं होतं. कारणमीमांसा नको, 'मी अशीच आहे' वगैरे तर मुळीच नको. तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की माझं डाएट जवळजवळ नेहमी त्याच दिवशी मोडलं होतं, ज्या दिवशी दुपारचा डबा साडेबाराला खाऊन मी सातपर्यंत चहावर काढले होते. मनोबल कमी पडतंय म्हणून मी दहा वर्षं स्वतःला दूषणं दिली. कमी पडत होती ती वाटीभर मटकी. वरची पाचवी पायरी या वहीतून आलीय.

आग्रहाचं काय, असं सगळे विचारतात. पहिली गोष्ट, 'डाएट' हा शब्द पंगतीत उच्चारू नका. तो ऐकला की वाढणाऱ्याला चेव येतो. 'अगं, एकानं काय होतंय' पासून सुरू होतं ते 'आमच्या हातचं नाही आवडत का' पर्यंत जातं. मोदक मुकाट्याने घ्या, तूप घाला, सावकाश खा आणि शेवटचा अर्धा पानात राहू द्या. रिकामं पान दिसलं की वाढपी वळतो. अर्धा मोदक असलेल्या पानावरून तो पुढं जातो. माझ्या मामेसासूबाईंपुढे आजवर एवढाच उपाय चाललाय. घरी गेल्यावर मात्र रात्रीचं जेवण नेहमीचं, ते विसरू नका.

7. चाला

रोज, जेवढं जमेल तेवढं. मी एक स्टॉप आधी उतरते.

8. वजन उतरल्यावर

इथं सगळे सल्ले संपतात, म्हणून मी चार ओळी जास्त लिहिते. 66 किलोच्या शरीराला 84 च्या शरीराएवढं इंधन लागत नाही. हे साधं आहे, पण तिसऱ्या खेपेला मी ते विसरले आणि ठरलेला आकडा आला त्या रात्री 'सुटले' म्हणून जुन्या ताटावर परतले. घाईने उतरवलेल्यांचं पुढे काय झालं तेही ऐका. अमेरिकेत वजन घटवायच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यांचं शरीर बसल्याजागी अपेक्षेपेक्षा रोज पाचशेच्या आसपास कॅलरी कमी जाळत होतं. हा अभ्यास 2016 साली आला. बहुतेकांचं वजन तोवर पुष्कळ परत आलेलं. आठवड्याला अर्धा किलोहून जास्त वेगाने उतरायची हौस तेव्हापासून मला उरली नाही.

ठरलेल्या आकड्यावर पोचलात की ताट बदलू नका, एकच गोष्ट वाढवा. मी दुपारी अर्धी भाकरी वाढवली आणि महिनाभर थांबले. काटा हलला नाही, मग रविवारची पुरणपोळी किंवा मटण, जे असेल ते, मोजमाप न करता.

काट्यावर दर शुक्रवारी सकाळी, चहाच्या आधी. सोमवारी नको, रविवारचं मीठ अंगात असतं. आणि एक आकडा धरून बसू नका, दोन किलोंचा पट्टा ठेवा. माझा 66 ते 68. आत असेल तर काही करत नाही. लागोपाठ दोन शुक्रवार 68 च्या वर दिसलं, की चहातली साखर बंद आणि रात्रीची एक पोळी कमी, पट्ट्यात परत येईपर्यंत. बाकी सगळं तसंच. मागच्या गणपतीनंतर 68.4 झालं होतं. मध्ये पितृपक्षातली दोन जेवणं झाली, वडे-खिरीसकट. दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी 66.9.