तीन सीझनमध्ये बंद पडलेल्या गावच्या टीमचा इतिहास कसा लिहायचा

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या फुटबॉल टीमने जीएफएच्या (गोवा फुटबॉल असोसिएशन) खालच्या डिव्हिजनमध्ये फक्त तीन सीझन काढले, मग बंद पडली, आणि आता चाळीशीच्या आतल्या कोणाला नाव विचारलं तर माहीत नाही. माझे काका त्या टीमचे गोलकीपर. ते गेले तेव्हा ट्रंकेत त्यांची जर्सी सापडली, पाठीवरचा 1 आकडा काकीने हाताने शिवलेला, अर्धा हिरव्या दोऱ्याने आणि दोरा संपला म्हणून खालचा अर्धा निळ्याने. तेव्हापासून मी मागे लागलो. तुमच्या गावात पण अशी टीम असणारच, तर मी कसं केलं ते सांगतो.

आधी एक गोष्ट. अमेरिकेत पोर्टलँड मॅव्हरिक्स नावाची मायनर लीग बेसबॉलची टीम होती, 1973 ते 1977, पाचच सीझन, बिंग रसेल नावाच्या नटाने काढलेली, कुठल्याच मोठ्या क्लबशी न जोडलेली. तिच्याबद्दल लोक अजून बोलतात, कारण कोण खेळलं, किती मॅच जिंकल्या, बंद का पडली, हे सगळं नोंदलेलं आहे. आपल्याकडे ते नोंदवायचं काम राहून गेलंय, बाकी फरक काही नाही.

सुरुवात माणसांपासून करा, कागद नंतर. पण जाऊन "कुठल्या वर्षी?" असं विचारू नका, तीन जण तीन वर्षं सांगतील आणि तिघंही छातीठोकपणे. त्यापेक्षा वर्ष अडकवायला खुंटी द्या. आमच्याकडे एक डिफेंडर होते, ते म्हणाले म्हापशाच्या मॅचला जाताना पणजीला बसमधून उतरून फेरीत बसलो, बुटांची पिशवी मांडीवर, आणि पोचेपर्यंत रेफ्री वॉकओव्हर द्यायच्या तयारीत. झालं! पणजीहून पलीकडे जायचा मांडवी नदीवरचा पूल पडला 5 जुलै 1986 ला, म्हणजे मॅच त्याच्यानंतरची. मग विचारलं गोवा घटक राज्य झालं होतं काय तेव्हा, तर म्हणाले नाही, त्याची मिरवणूक नंतर काढली. घटक राज्य 30 मे 1987. सीझन सापडला, 86-87. लग्नं, इलेक्शन, कोणाच्या घरी पहिला टीव्ही आला, सगळं चालतं, फक्त तारीख पक्की माहीत असलेली गोष्ट धरा.

फोटो असला तर खेळाडूंच्या चेहऱ्यांच्या मागे काय आहे ते बघा. आमच्या एकमेव टीम फोटोत मागे देवळाचा सभामंडप दिसतो, पत्र्याचा. आता तिथे स्लॅब आहे आणि भिंतीवर देणगीदारांची फरशी, तिच्यावर तारीख कोरलेली. म्हणजे फोटो त्याच्या आधीचा, यात वाद नाही. आणि फोटो घेऊन जा घरोघरी, मागच्या रांगेतला कोण हे बायकांना जास्त आठवतं, कारण जर्सी त्यांनीच धुतल्या.

सीझन हातात आला की मगच पणजीला पाटोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररीत जा. 1832 सालची लायब्ररी आहे, जुने पेपर बघायला मिळतात. तारखेशिवाय गेलात तर दिवसभर पानं उलटत बसाल. गोमन्तक, नवप्रभा आणि नवहिंद टाइम्स, तिन्ही बघा, कारण खालच्या डिव्हिजनचा रिझल्ट एका पेपरात दोन ओळीत येतो आणि दुसऱ्यात येतच नाही. मॅचच्या दुसऱ्या दिवशीचा अंक बघून थांबू नका, पुढचे तीन-चार दिवस चाळा. गोल मारणाऱ्याचं नाव चुकीचं छापलेलं असू शकतं, आमच्याकडे तर दोन भावांची नावं उलटसुलट झालेली, म्हणून पेपरवर पण डोळे मिटून विश्वास नको. क्लब 1860 च्या सोसायटी कायद्याखाली रजिस्टर झालेला असेल तर पहिल्या कमिटीची नावं त्या कागदात असतात, ते पण शोधा.

खजिनदाराची वही मिळाली तर सोडूच नका. आम्हाला मिळाली ती शाळेची दोनशे पानी वही, वाळवीने कोपरा खाल्लेला, त्यात बॉल, लिंबू, टेम्पो भाडं, आणि दर महिन्याला वर्गणी न दिलेल्यांची यादी जी वाढतच जाते. टीम का संपली याचं अर्धं उत्तर त्या यादीतच होतं.

उरलेलं अर्धं उत्तर हळू विचारावं लागतं. सगळे म्हणतात भांडण झालं. मॅव्हरिक्स काय हरून बंद पडली नाही, पॅसिफिक कोस्ट लीग या वरच्या दर्जाच्या लीगला पोर्टलँड परत पाहिजे होतं म्हणून जागा सोडावी लागली, रसेल लवादात गेला आणि 2,06,000 डॉलर घेतले. आमच्याकडे भांडण होतंच, पण त्याच्या आधी दोन फॉरवर्ड गल्फला गेले, एकाला मोठ्या क्लबने नेलं, आणि ज्या शेतात कापणीनंतर प्रॅक्टिस व्हायची तिथे कुंपण पडलं. ही सगळी कारणं क्रमाने लिहा, एकाच माणसाच्या डोक्यावर खापर फोडू नका, त्याची मुलं-नातवंडं गावातच आहेत.

लिहून झालं की छापायच्या आधी जुन्या खेळाडूंना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवा. आम्ही काकांच्या ओसरीवर बसलो, सात जण आले, दोन तास चुका काढत होते. एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच सांगितलं की सब्स्टिट्यूट गोलकीपरचं नाव राहिलंय, तो एकही मॅच खेळला नाही पण प्रत्येक मॅचला आलेला. ते नाव घातलं आणि मग प्रिंट काढल्या, एक लायब्ररीला, एक गावच्या वाचनालयात, एक काकीकडे.