पायपीआयवर नवीन काय आलं? एकही रिलीज न सुटणारी यादी कशी करायची

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, जिथे ठेवली जातात त्या पायपीआयवर पाच लाखांहून जास्त प्रोजेक्ट आहेत आणि त्यात रात्रंदिवस भर पडत असते. आमच्या टीमसाठी त्यातल्या नव्या रिलीजची रोजची यादी मी करते. हे काम मला मनापासून आवडतं, कारण कुणीतरी महिनोन्‌महिने खपून लिहिलेलं काहीतरी तिथे पहिल्यांदा लोकांसमोर येत असतं. पण यादी भरवशाची असेल तरच तिचा उपयोग. चार रिलीज दाखवून पाचवा गाळणारी यादी नसलेली बरी, कारण लोक तिच्यावर विसंबून राहतात.

सुरुवातीलाच ठरवा की तुम्हाला नक्की काय हवंय: तुमच्या मशीनवर आहेत त्याच पॅकेजांची नवी व्हर्जन, की आजवर नव्हतेच असे नवे प्रोजेक्ट, की सगळ्यांचे सगळे रिलीज? या तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत. पहिलंच हवं असेल तर काहीच बांधायला नको. टर्मिनलवर पिपची (पॅकेजं बसवणाऱ्या साधनाची) लिस्ट कमांड आउटडेटेड हा पर्याय देऊन चालवा. तुमच्याकडचं व्हर्जन आणि उपलब्ध असलेलं व्हर्जन शेजारी-शेजारी दिसतं. बहुतेकांचं काम इथेच संपतं आणि त्यांनी पुढच्या भानगडीत पडूही नये.

बाकीच्या दोन्हींसाठी पायपीआयने फीड, म्हणजे नव्या नोंदींच्या आपोआप ताज्या होणाऱ्या याद्या, दिले आहेत. पायपीआय डॉट ऑर्ग, तिरकी रेघ, आरएसएस, तिरकी रेघ, पॅकेजेस डॉट एक्सएमएल या पत्त्यावर नव्याने तयार झालेले प्रोजेक्ट मिळतात. शेवटच्या तुकड्याच्या जागी अपडेट्स डॉट एक्सएमएल टाकलं की सगळ्या प्रोजेक्टचे नवे रिलीज. एकाच पॅकेजवर नजर ठेवायची असेल तर आरएसएसच्या पुढे प्रोजेक्ट, मग पॅकेजचं नाव, मग रिलीजेस डॉट एक्सएमएल. हे तिन्ही पत्ते कुठल्याही फीड रीडरमध्ये टाकता येतात, खातं किंवा चावी लागत नाही. दहा-पंधरा पॅकेजांवर लक्ष ठेवणाऱ्याला मी डोळे मिटून हा तिसरा पत्ता सांगते.

स्क्रिप्टने फीड वाचणार असाल तर शीर्षकाच्या भरवशावर राहू नका. पॅकेजेसच्या फीडमध्ये शीर्षकात नावापुढे ‘ॲडेड टू पायपीआय’ असं वाक्य असतं, अपडेट्सच्या फीडमध्ये नावापुढे व्हर्जन असतं. म्हणजे एकाच कोडने दोन्ही कापायला गेलं की गडबड. त्यापेक्षा प्रत्येक नोंदीतली लिंक घ्या. अपडेट्सच्या लिंकमध्ये नाव आणि व्हर्जन तिरक्या रेघेने वेगळे केलेले असतात.

फीडची मोठी अडचण म्हणजे त्यात फक्त शेवटच्या मोजक्या नोंदी राहतात. नवी आली की जुनी खालून गळते. तुमच्या फीडमध्ये किती वेळाचा माल मावतो हे स्वतः मोजा: पहिल्या नोंदीच्या तारखेतून शेवटच्या नोंदीची तारीख वजा करा. अपडेट्सच्या फीडमध्ये हे अंतर फार थोडं निघतं, आणि गर्दीच्या वेळी आणखी कमी होतं. एकदा मोजून थांबू नका, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी मोजा आणि जे सगळ्यात कमी अंतर येईल त्याच्या निम्म्याहून कमी वेळाने क्रॉन (ठरावीक वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) लावा. तरीही मशीन बंद पडलं, नेट गेलं, की मधलं गेलं ते गेलंच. म्हणून फीड मी फक्त झटपट बघण्यासाठी वापरते. पक्की यादी दुसरीकडून येते.

ती येते सिंपल इंडेक्समधून. पिप स्वतः पॅकेज शोधायला जातो तीच ही जागा: पायपीआय डॉट ऑर्ग, तिरकी रेघ, सिंपल. ब्राउझरने उघडलीत तर नावांची भलीमोठी यादी दिसते. पण विनंतीच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये, म्हणजे उत्तर कुठल्या स्वरूपात हवं ते सांगणाऱ्या ओळीत, सिंपल इंडेक्सचा जेसन प्रकार, म्हणजे स्क्रिप्टला सहज वाचता येणारा, मागितलात (तो २०२२ साली पेप ६९१ या पायथनच्या प्रस्तावातून आला, हेडरचा नेमका मजकूर तिथेच आहे) तर हीच यादी जेसनमध्ये येते. आणि आपल्याला हवी ती गोष्ट त्यात असते: प्रत्येक नावासोबत एक सिरियल क्रमांक. पायपीआयवर काहीही घडलं, म्हणजे प्रोजेक्ट तयार झाला, रिलीज आला, फाइल चढली, काही काढलं गेलं, की त्या घटनेला पुढचा सिरियल मिळतो. प्रोजेक्टपुढचा आकडा म्हणजे त्या प्रोजेक्टमधल्या शेवटच्या घटनेचा सिरियल. हा आकडा मागे जात नाही. माझी सगळी यादी या आकड्यावर उभी आहे, तारखेवर नाही.

पद्धत अशी. एस्क्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये एक टेबल करा: नाव, सिरियल, पहिल्यांदा कधी दिसलं. पहिल्या दिवशी अख्खा इंडेक्स त्यात भरा, त्या दिवशी यादी काढू नका, नाहीतर सगळं जगच नवीन दिसेल. दुसऱ्या दिवशी इंडेक्स परत आणा आणि ताडून पाहा. टेबलमध्ये नसलेलं नाव म्हणजे नवा प्रोजेक्ट. नाव आहे पण सिरियल वाढलाय, म्हणजे तिथे काहीतरी हललं आहे. नाव होतं आणि आता नाही, म्हणजे प्रोजेक्ट काढला गेला. स्क्रिप्ट आठवडाभर बंद राहिली तरी काही बिघडत नाही, ताडणी आठवड्याची होते इतकंच.

काढलेल्या प्रोजेक्टची ओळ टेबलमधून पुसू नका, फक्त त्यावर खूण करा. पायपीआयवर मालकाने प्रोजेक्ट काढून टाकला की ते नाव दुसऱ्या कुणाला घेता येऊ शकतं. त्यामुळे गेलेलं नाव पुन्हा उगवलं तर ते जुन्याच माणसाचं आहे असं धरून चालता येत नाही. माझ्या यादीत अशी नावं सगळ्यात वर, वेगळ्या गटात जातात. ओळ पुसली असती तर ते साधं ‘नवीन पॅकेज’ म्हणून दिसलं असतं आणि कुणाला शंकाही आली नसती.

आता ज्यांचा सिरियल वाढलाय त्यांच्याकडे वळू. सिंपलपुढे नाव जोडून त्या प्रोजेक्टचं पान आणा, तेही जेसनमध्येच. त्यात व्हर्जनची यादी असते आणि प्रत्येक फाइलसोबत ती चढवल्याची वेळ असते. इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि बहुतेक तयार स्क्रिप्ट इथेच चुकीची यादी देतात. एखाद्या व्हर्जनच्या फाइल एकाच वेळी चढतात असं नाही. समजा एका लायब्ररीचं २.३ हे व्हर्जन मार्चमध्ये आलं. ऑक्टोबरमध्ये पायथनचं नवं व्हर्जन निघालं म्हणून लेखकांनी त्याच २.३ साठी आणखी एक व्हील (लगेच बसवता येणारी तयार फाइल) चढवलं. फाइल नवी, रिलीज जुनाच. तुम्ही ‘काल चढलेल्या फाइल’ शोधल्यात तर २.३ आज आल्यासारखं दिसेल. म्हणून व्हर्जनच्या सगळ्या फाइल एकत्र करा आणि त्यातली सगळ्यात जुनी वेळ धरा. तीच रिलीजची वेळ. नंतर आलेलं व्हील हवं तर वेगळ्या ओळीत दाखवा, नव्या पायथनवर जाऊ पाहणाऱ्यांसाठी तीही चांगली बातमी असते.

पान हाती आलं की त्यातला सिरियल बघा, तो पानाच्या मजकुरात असतो आणि हेडरमध्येही. इंडेक्समध्ये या प्रोजेक्टचा जो आकडा होता त्यापेक्षा पानावरचा आकडा लहान असेल तर तुम्हाला कॅशमधलं (मधे साठवून ठेवलेलं) शिळं पान मिळालं आहे. ते वापरू नका आणि टेबलमधला सिरियलही बदलू नका. पुढच्या फेरीत ते नाव आपोआप पुन्हा समोर येईल. नियम एकच लक्षात ठेवा: पान नीट वाचून नोंद झाल्यावरच त्या प्रोजेक्टचा सिरियल पुढे सरकवायचा. स्क्रिप्ट मध्येच कोसळली तरी मग काही सुटत नाही.

एका दिवसात हजारो प्रोजेक्ट हलतात, तेव्हा पानं एकापाठोपाठ एक, सावकाश आणा. पायपीआयचं तेवढंच मागणं आहे, आणि ते लोकवर्गणीवर चालणारं सार्वजनिक काम आहे, तेव्हा ते पाळायलाच हवं. यूजर एजंटमध्ये, म्हणजे विनंती कोण करतंय ते सांगणाऱ्या हेडरमध्ये, आपल्या स्क्रिप्टचं नाव आणि संपर्काचा ईमेल लिहा. पानासोबत येणारा ईटॅग (पान बदललं की बदलणारी खूण) जपून ठेवा म्हणजे न बदललेलं पान परत उतरवावं लागत नाही.

नावांबद्दल: टेबलमध्ये नाव घालण्याआधी ते एकसारखं करून घ्या. सगळी अक्षरं लहान, आणि टिंब, आडवी रेघ, अधोरेघ यांपैकी काहीही एक किंवा अनेक सलग आलं की त्याजागी एकच आडवी रेघ. टायपिंग एक्स्टेन्शन्स हे पॅकेज कुणी अधोरेघेने लिहितं, कुणी आडव्या रेघेने. पायपीआयच्या लेखी ते एकच आहे.

व्हर्जनची तुलना अक्षरांनी करू नका, १.१० हे १.९ च्या आधी जाऊन बसेल. पॅकेजिंग नावाची लायब्ररी आहे, तिचा व्हर्जन हा क्लास वापरा. अल्फा, बीटा, आरसी आणि डेव्ह हे कच्चे (पक्क्याआधीचे) रिलीज ओळखायचं कामही तोच करतो. आणखी एक: सगळ्यात ताजं म्हणजे सगळ्यात मोठं असं नसतं. जँगो या वेब फ्रेमवर्कसारखे प्रोजेक्ट सुरक्षेची दुरुस्ती आली की चालू असलेल्या सगळ्या शाखांचे (व्हर्जनच्या मालिकांचे) रिलीज एकाच दिवशी काढतात. यादीत ते सगळे दिसायला हवेत, कारण जुन्या शाखेवर असलेल्याला त्याच्या शाखेचा रिलीज हवा असतो. यँक केलेला रिलीजही गाळू नका, त्यावर खूण करा. यँक म्हणजे फाइल तिथेच असते, पण तेच व्हर्जन नेमकं मागितल्याशिवाय पिप ते उचलत नाही. यँकचं कारण लेखकाने लिहिलं असेल तर ते यादीत द्या, वाचणाऱ्याचा पुष्कळ वेळ वाचतो.

आता सगळ्यात कळकळीने सांगायचं ते. नवीन पॅकेज काय आहे हे बघायला ते इन्स्टॉल करू नका. नुसतं पिपने डाउनलोड करणंही सुरक्षित धरू नका. फक्त सोर्स फाइल उपलब्ध असेल तर तिची माहिती काढण्यासाठी पिप तिचा बिल्ड कोड चालवू शकतो, म्हणजे अनोळखी माणसाचा कोड तुमच्या मशीनवर चालला. पायपीआयवर खोडसाळ पॅकेजं येतात, ओळखीच्या नावात एखादं अक्षर बदलून येतात. २८ मार्च २०२४ रोजी अशा पॅकेजांचा मारा इतका वाढला की पायपीआयला नव्या वापरकर्त्यांची नोंदणी आणि नवे प्रोजेक्ट काही काळ बंद ठेवावे लागले. पॅकेजची माहितीच हवी असेल तर व्हीलच्या पत्त्यापुढे डॉट मेटाडेटा जोडा. नाव, वर्णन, कशावर अवलंबून आहे, हे सगळं साध्या मजकुरात येतं आणि काहीही चालत नाही.

याच कारणाने माझ्या यादीत प्रत्येक रिलीजचं वय लिहिलेलं असतं, तासांत. ताज्या रिलीजला काही दिवस जाऊ द्यावेत हे माझं ठाम मत आहे, खोडसाळ पॅकेजं बहुतेकदा त्या काळात पकडली जातात. पिपसारखंच यूव्ही हे साधन वापरत असाल तर एक्सक्लूड न्यूअर हा पर्याय देऊन ठरावीक तारखेनंतरचं काहीच घ्यायचं नाही असं सांगता येतं. सुरक्षेची दुरुस्ती असेल तेव्हा मात्र थांबू नका, ती ओळ मी हाताने वर आणते.

यादीची एक ओळ अशी ठेवा: नाव, व्हर्जन, वय, एका वाक्यात वर्णन, आणि गरज असेल तर खूण: कच्चा रिलीज, यँक, परत आलेलं नाव. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, वाचणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवायची तर ती शेवटी बदला. आपल्या प्रोजेक्टमध्ये वापरात असलेली पॅकेजं आधी, बाकीची नंतर. सगळे हजारो रिलीज पाठवलेत तर दोन दिवसांत यादी कुणी उघडणार नाही, तेव्हा विषयाचे शब्द ठरवून वर्णनातून गाळणी लावा, पण टेबलमध्ये सगळं ठेवा.

दुसऱ्या भाषांतही हेच करता येतं, फक्त दार वेगळं. आर या भाषेसाठी तिच्या पॅकेजांच्या भांडारावर, म्हणजे क्रॅनवर, प्रकाशनाच्या तारखेप्रमाणे लावलेलं पॅकेजांचं पान तयारच आहे, आणि आरमधल्या टूल्स पॅकेजचं क्रॅन पॅकेज डीबी हे फंक्शन तीच माहिती तक्त्यात देतं. गो या भाषेचा इंडेक्स तर फारच सुटसुटीत आहे: इंडेक्स डॉट गोलँग डॉट ऑर्गला सिन्सच्या पर्यायात वेळ दिली की त्या वेळेपासूनची मॉड्युलं ओळीने येतात, प्रत्येक ओळीत पत्ता, व्हर्जन आणि वेळ. शेवटच्या ओळीतली वेळ साठवा आणि पुढच्या खेपेला तिथून मागा. सीमेवरची नोंद दोनदा येऊ शकते, ती नाव आणि व्हर्जनच्या जोडीवर गाळली जाते.