एमएचएचं कर्ज काढण्याआधी हा हिशेब मांडा

मी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात कॅशलेस विम्याच्या फायली बघते. एमएचएसाठी, म्हणजे हॉस्पिटल प्रशासनाच्या मास्टर्स डिग्रीसाठी, ६ लाखांचं कर्ज काढलं होतं. आता मावसबहिणीला तेच करायचंय, म्हणून तिला आधी वही घेऊन बसवलं.

हप्ता नुसत्या मुद्दलावर काढू नका. शिक्षणाची दोन वर्षं आणि बहुतेक बँकांत पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. १० टक्क्यांनी दर वर्षाच्या सुरुवातीला ३ लाख उचलले, तर तोवर दीड लाख व्याज साठतं. मग साडेसात लाखांचा सात वर्षांचा हप्ता महिना सुमारे १२,४५० रुपये बसतो. मी १० हजारांच्या आत धरला होता. बँकेचा कागद आला त्या रात्री बाबा दूधबिलाच्या कोऱ्या बाजूवर पुन्हा पुन्हा तेच आकडे मांडत होते. म्हणून कळकळीने सांगते, शिकतानाच जमेल तेवढं व्याज भरत राहा.

मग पगार. कॉलेजचा सरासरी आकडा सोडा; मागच्या बॅचच्या चौघांना फोन करून हातात किती पडतं ते विचारा. मला सुरुवातीला २४ हजार मिळाले. पुण्यात ३२ मिळत होते, पण खोली, मेस, प्रवास वजा केल्यावर घरी राहूनच जास्त उरत होतं. हप्ता पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल, तर माझ्या मते आधी दोन वर्षं दवाखान्याच्या बिलिंग विभागात नोकरी करावी.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र जुन्या करप्रणालीतच.

बहिणीचे तीन फोन झालेत. चौथा नंबर शोधतेय.