पाफोस: ऊन टाळून मोझेक आणि ॲफ्रोडायटीचा खडक

सायप्रसमधल्या पाफोसला उन्हाळ्यात दुपारी अवशेष बघताना जीव नकोसा होतो. क्रम असा लावा:

१. सकाळी दार उघडताच बंदराजवळचं पुरातत्त्व उद्यान गाठा. उघड्यावरचे अवशेष आधी. डायोनिससचं घर, म्हणजे मोझेकच्या (रंगीत खड्यांच्या चित्रांच्या) फरशा असलेला रोमन वाडा, शेवटी ठेवा, तिथे वर छप्पर आहे. मोझेकमधला, पाण्यात स्वतःला न्याहाळणारा नार्सिसस (ग्रीक पुराणकथेतला देखणा तरुण) निवांत बघता येतो.

२. दुपारी जेवण, आराम.

३. ऊन उतरलं की पेत्रा तू रोमिउ, म्हणजे ग्रीक प्रेमदेवता ॲफ्रोडायटी जिथे समुद्रातून वर आली म्हणतात तो खडक. बसने जाणार असाल तर परतीची शेवटची वेळ आधीच बघा. वाहनतळ रस्त्यापलीकडे आहे. किनाऱ्यावर भुयारी वाटेनेच उतरा. सगळीकडे गोटेच गोटे, त्यामुळे पाण्यातही चालतील अशा चपला हव्यात.

खडकाला पोहत फेरी मारायची दंतकथा ऐकाल, पण लाटा उसळत असतील तर पाण्यात उतरूच नका.