गाडीचा लाल रंग स्क्रीनवर आणताना

यूआय डिझाइन (ॲप किंवा वेबसाइटच्या पडद्यांची मांडणी) शिकणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत गाडीच्या ब्रँडवर केलेलं एखादं तरी काम हमखास सापडतं. सरावासाठी विषय उत्तम आहे. रंग सगळ्यांच्या ओळखीचा असतो आणि चुकला तर बघणाऱ्याला लगेच खटकतो. नवोदितांची कामं बघताना मी असाच प्रोजेक्ट आधी उघडते, कारण रंगाबद्दल कोण किती खोल विचार करतं ते त्यात पटकन दिसतं.

बहुतेक जण गाडीचा फोटो घेतात आणि आयड्रॉपरनं, म्हणजे चित्रातला रंग टिपणाऱ्या साधनानं, रंग उचलतात. तसं करू नका. त्याच लाल गाडीच्या बॉनेटवर, उजेड पडतो तिथे, गुलाबीकडे झुकणारा रंग मिळेल आणि दाराच्या खालच्या कडेला जवळजवळ मरून. मेटॅलिक पेंटमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, त्यामुळे बघण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. स्क्रीनवरच्या सपाट चौकोनात हे येत नाही. गाडीचा पेंट आणि ब्रँडचा रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला हवा असतो तो दुसरा. फोक्सवॅगननं २०१९मध्ये आणि बीएमडब्ल्यूनं २०२०मध्ये आपापले लोगो सपाट केले. दोन्हींची जुनी आणि नवी रूपं शेजारी ठेवून बघा, चमक काढून टाकल्यावर काय उरतं ते समजेल.

रंगामागचा इतिहासही थोडा वाचा, पॅलेट ठरवताना तो खरोखर उपयोगी पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटार शर्यतींत देशांनुसार रंग ठरले: इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, ब्रिटनचा हिरवा. फेरारीचा लाल तिथून आला. तिच्या बोधचिन्हामागचा पिवळा मात्र मोदेना शहराचा. म्हणजे लाल मुख्य आणि जोडीला थोडासा पिवळा, ही निवड तुम्हाला कारणासकट मांडता येते.

आता कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक. इथे घाई करू नका. रोस्सो कोर्सा, म्हणजे इटलीचा तो शर्यतीचा लाल, म्हणून स्क्रीनवर सहसा आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांची मूल्यं) २१२, ०, ० हा रंग घेतात. पांढऱ्यावर त्याचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर साधारण ५.५ येतं, तर काळ्यावर फक्त ३.८. डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला ४.५ लागतं आणि मोठ्या अक्षरांना ३. स्पोर्ट्स कारच्या पानांवर सगळ्यांना मोह होतो तो काळ्यावर लाल अक्षरांचा. त्या जोडीत मोठं शीर्षक चालेल, पण परिच्छेद नाही. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा ठेवलात तर गुणोत्तर एकच्या किंचित वर राहतं, म्हणजे अक्षरं दिसतच नाहीत. ब्रिटिश रेसिंग ग्रीनची अडचण उलटी आहे. ०, ६६, ३७ हा हिरवा पांढऱ्यावर सुरेख उठतो, पण डार्क मोडमध्ये शुद्ध काळ्यावर १.८पर्यंत घसरतो. तिथे त्याच छटेचा उजळ हिरवा वेगळा तयार करावा लागतो.

लाल ब्रँडची खरी परीक्षा फॉर्ममध्ये होते. टेस्ट ड्राइव्ह बुक करण्याचा फॉर्म घ्या: नाव, फोन नंबर, तारीख आणि खाली लाल बटण. फोन नंबरमधला एक अंक राहिला की त्या चौकटीची कड लाल होते आणि खाली लाल अक्षरांत सूचना येते. आता एकाच पडद्यावर लाल म्हणजे ‘पुढे चला’ आणि लाल म्हणजेच ‘थांबा, काहीतरी चुकलंय’. माणूस क्षणभर गोंधळतो. यावर मला सर्वांत पटलेला उपाय असा: फॉर्ममधलं मुख्य बटण काळं करा आणि ब्रँडचा लाल लोगो, शीर्षपट्टी, निवडलेला टॅब एवढ्यापुरता राखून ठेवा. चूक दाखवणाऱ्या सूचनेला लालसोबत चिन्ह आणि स्पष्ट वाक्य द्या, ‘फोन नंबर १० अंकी हवा’ असं. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही तोच फॉर्म भरत असतात.

हे एकदा जमलं की प्रमाणाचा प्रश्न बराचसा सुटतो. रस्त्यावर गाडी नखशिखांत लाल शोभते, पण पडद्यावर तेवढा लाल डोळ्यांना खुपतो. पानाचा बहुतेक भाग पांढरा, राखाडी, काळा असू द्या. लाल जितका कमी जागी येईल तितका तो ब्रँडचा वाटतो, हे माझं ठाम मत आहे.

फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हेरिएबल (रंगाला दिलेलं, पुन्हा वापरता येणारं नाव) करताना ‘लाल-५००’सारख्या नुसत्या छटेच्या नावावर थांबू नका. ‘मुख्य-कृती’, ‘चूक’, ‘ब्रँड-ठळक’ अशी कामावरून नावं द्या. डार्क मोड करताना मग फक्त त्या नावांमागची रंगमूल्यं बदलावी लागतात.

पोर्टफोलिओत टाकताना हे सरावाचं काम आहे आणि कंपनीशी तुमचा संबंध नाही, हे वरच लिहा. लोगो ट्रेडमार्क असतो, त्याचा आकार किंवा रंग बदलू नका. कंपनीची अधिकृत रंगमूल्यं मिळाली नसतील तर ‘छटा मी निवडली आहे’ असं नमूद करा आणि कारण एका ओळीत द्या. अंतिम पडद्यांसोबत कॉन्ट्रास्टचे आकडे आणि नापास झालेल्या जोड्याही दाखवा. मुलाखतीत चर्चा बहुधा त्या नापास जोड्यांवरच रंगते.