समुद्राचा प्रवाह मंदावतो म्हणजे नेमकं काय होतं, दोन ग्लासात करून बघा

अटलांटिकचा प्रवाह मंदावतोय अशी बातमी वाचून डोळ्यासमोर काहीच येत नसेल तर हे घरी करून बघा, मला तरी हे बघितल्यावरच खरं कळलं.

आदल्या रात्री पाण्यात खाण्याचा निळा रंग चांगला गडद टाकून बर्फ करायला ठेवा. दुसऱ्या दिवशी सारखे दोन काचेचे ग्लास घेऊन साध्या पाण्याने भरा आणि एकात दीड-दोन चहाचे चमचे मीठ टाकून पूर्ण विरघळवा (समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्या हिशोबाने). मग अर्धा तास हात लावू नका, दोन्हीचं तापमान सारखं व्हायला हवं आणि पाणी हलायचं थांबायला हवं, इथे घाई केलीत तर सगळं गढूळ दिसेल.

आता दोन्हीत बर्फाचा एकेक खडा अलगद सोडा, पण त्याआधी अंदाज बांधा, कुठला आधी वितळेल? बहुतेक जण म्हणतात मिठाच्या पाण्यातला. होतं उलटं! साध्या पाण्यात निळ्या धारा सरळ तळाशी जातात, कारण गार पाणी जड, त्याच्या जागी कोमट पाणी वर येतं आणि खडा भराभर वितळतो. मिठाच्या ग्लासात मात्र वितळलेलं पाणी गार असूनही खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वरच निळा थर धरून बसतं, खालीवर फिरणंच बंद, आणि खडा कितीतरी वेळ तसाच.

तो निळा थर नीट बघून घ्या, सगळं त्यात आहे. उत्तर अटलांटिकमध्ये दक्षिणेकडून आलेलं खारं पाणी थंडीने गार होतं, जड होतं, खोल बुडतं आणि तळातून परत दक्षिणेला जातं, या चक्राला एमॉक म्हणतात. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून यंत्रं लावून ते मोजतात, सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर पाणी! आता ग्रीनलँडचा बर्फ वितळून गोडं पाणी वर पसरतंय, पाऊसही वाढतोय आणि समुद्र तापल्यामुळे वरचं पाणी तसंही हलकं होतंय, म्हणजे बुडणं अवघड.

यानंतर बातमी वाचताना आधी बघा की गल्फ स्ट्रीम म्हटलंय की एमॉक. गल्फ स्ट्रीम, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वाहणारा उबदार प्रवाह, मुख्यतः वारा आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे चालतो, तो बंद पडणार असं लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याचा गोंधळ झालाय. दुसरं, मंदावणं आणि कोसळणं वेगळं. आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलावरची समिती) २०२१ मध्ये सांगितलं की या शतकात एमॉक मंदावण्याची शक्यता खूपच जास्त, पण २१०० च्या आत अचानक कोसळणार नाही याबद्दल त्यांचा विश्वास फक्त मध्यम आहे, आणि नंतरच्या काही अभ्यासांनी तर धोका यापेक्षा जवळ दाखवलाय. "मध्यम" हा शब्द वाचून मला धडकी भरली होती, कारण चक्र थांबलं तर वायव्य युरोप गारठेल, उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकेल, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर समुद्र आणखी चढेल.

ग्लास लगेच ओतून टाकू नका, खडा पूर्ण वितळल्यावरही निळा थर किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा.