झोपेच्या गोळ्यांतून सुटल्याची आठवण लिहिताना

झोपेच्या गोळ्यांची सवय सुटल्यावर आत्मकथन लिहायला बसणाऱ्याची पहिली अडचण अशी, की जे लिहायचे तेच नेमके आठवत नाही. अल्प्राझोलामसारख्या औषधांच्या अमलाखाली नव्या आठवणी पक्क्या होत नाहीत. रात्री कोणाशी काय बोललो, हे सकाळी घरच्यांकडून ऐकावे लागते. म्हणून आधी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिले आणि दवाखान्याची कार्डे तारखेप्रमाणे लावावीत. हे औषध चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या ‘अनुसूची एच-१’ या सरकारी यादीत असल्याने दुकानदाराने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते. मला मात्र बाजाराच्या गावी चिठ्ठीशिवायच गोळ्या मिळत गेल्या, आणि माझ्या बिलांच्या गठ्ठ्यात पडलेला तो खंडच सर्वांत बोलका पुरावा ठरला.

कागद संपतात तेथे हंगाम कामी येतो. आमच्याकडे ‘बोंडअळीचे साल’ म्हटले की २०१७ समजायचे. गोळ्या कधी सुरू झाल्या, हे आईला सांगता आले नाही, पण त्या सालच्या कापसाच्या पहिल्या वेच्याला मी कसा होतो, असे विचारताच ती म्हणाली, “तू त धुऱ्यावरच झोपला होता बाप्पा, बंडी भरून निंघाली तरी उठला नाई.” असे बोल वऱ्हाडीतच ठेवावेत, प्रमाण मराठीत आणले की त्यातला राग विरतो. मला तो प्रसंग आजही आठवत नाही, आणि मी तसेच लिहिले आहे.

सुटकेचा भाग बहुतेक जण ‘मग उपचार घेतले’ एवढ्यावर उरकतात, आणि खरे लेखन तर तेथेच असते. डॉक्टरांनी मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगितली, तेव्हा मी वडिलांच्या अडकित्त्याने गोळी अर्धी करीत असे. तुकडा उडून कपाटाखाली गेला, की बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसून शोधत असे आणि हाताला लागलेली भुकटीही चाटत असे. हे लिहावे; किती दिवसांत किती गोळी कमी केली, तो हिशेब मात्र छापू नये, कारण वाचणारा तो स्वतःवर लावून पाहतो. ही औषधे एकाएकी बंद केल्यास झटके येऊ शकतात, हे त्याच प्रकरणात स्पष्ट सांगून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यावा.

गावात डॉक्टर एकच असेल, तर नाव बदलूनही तो ओळखू येतो. त्यामुळे बाजाराचा वार आणि तालुकासुद्धा गाळावा. त्याच्यावर अन्यायही करू नये. मला गोळ्या दहा दिवसांसाठी लिहून दिल्या होत्या, पुढची वर्षे माझी होती.

मजकूर बाहेर देण्याआधी घरी वाचून दाखवावा. माझ्या पत्नीने एकच वाक्य खोडायला लावले: ‘घरात कोणालाच कळले नव्हते.’ पहिल्या महिन्यापासून ती पाकिटातल्या रिकाम्या खोबण्या मोजत होती.